खत तयार होईपर्यंत

"थांबू नकोस, भोवरा मोडेल," बाबा म्हणाले.

मुलाने पुन्हा काठी फिरवायला घेतली. बादलीत पाणी आणि खड्ड्यात मुरवलेलं मूठभर शेण. आधी एका दिशेने, मग उलट, असं वीस मिनिटं ढवळायचं आणि परसातल्या खताच्या ढिगावर शिंपडायचं. दिशा बदलली की पाणी गोंधळून जायचं. बाबांच्या मते तो गोंधळही खताला मानवतो. या विषयात त्यांच्याशी वाद घालायची घरात कुणाची छाती नव्हती.

हे शुक्लकाष्ठ कालच्या फोनमुळे मागे लागलं होतं. मुलगा एजंटला सांगत होता, "खत तयार झालं की कळवा, शनिवारी सही करतो. बाबांना अजून बोललेलो नाही." वळून बघतो तर दारात बाबा. पण आज सकाळी ते खुशीत हाक मारत आले. "काल खताचं विचारत होतास ना? चल, शिकवतो."

बाबांनी तेवढा एकच शब्द ऐकला म्हणून मुलाचा जीव भांड्यात पडला होता. आता तोच जीव बादलीत गटांगळ्या खात होता.

बायकोचं ऑफिस दोन तासांवर. रोजच्या प्रवासाने तिची पाठ कामातून गेलेली. तिकडे गॅलरीवाला फ्लॅट बघून ठेवला होता. हे घर त्याच्या नावावर होतं, विकणं भाग होतं. पण पालापाचोळा, गवत, शेण असे थर बाबांनी स्वतःच्या हातांनी रचले होते. खत व्हायला चार महिने लागणार, आणि तोवर इथे दुसऱ्या कुणाची गाडी उभी असणार. बाबा सोबत यायला नाहीच म्हणाले तर? त्याला अगदी रडू येत होतं.

काठी थांबली.

"बाबा, ते हे खत नव्हे. खरेदीखत. घर विकतोय मी."

"कालच कळलं मला. शेणखतावर सही करतं का कुणी?" बाबांनी काठी स्वतःकडे घेतली. "तू कधी बोलतोस, तेच बघत होतो. अठरा मिनिटं लावलीस."

"मग हे कशाला करत बसलात? सगळं इथेच राहणार."

"राहतंय कशाला? कच्चंच पोत्यांत भरू. तिकडे पिकेल."

उरलेली दोन मिनिटं बाबांनी उलट्या दिशेने ढवळलं. पाणी गोंधळलं आणि पुन्हा फिरू लागलं. मग मान वर न करता त्यांनी विचारलं,

"आपल्या गॅलरीत ऊन कुठल्या बाजूने येतं रे?"