नऊ घरं

"गेल्या सात दिवसांत काही काम केलंत?" टॅबवरची नजर न उचलता मोजणीला आलेल्या तियामिकेने विचारलं.

"नाही," फालेसी म्हणाली.

ती ओट्यावर चटई टाकून बसली होती. पाठीला बांधलेल्या लेकीचा नुकताच डोळा लागला होता, म्हणून बसल्या बसल्या डुलत होती आणि हळू बोलत होती. शेजारी पत्र्याचं ताट उपडं घातलेलं. मुखियाचा निरोप होता की सरकार काम नसलेल्यांची मोजणी करतंय, तुझ्या घराचा नंबर लागलाय, गुरुवारी घरी थांब. आज सकाळी नेमकं मास्तरांच्या मक्यात निंदणीला बोलावणं आलं. ती गेली नाही. तिच्या जागी शेजारची दोरिका गेली.

तियामिकेचं बोट 'नाही'वर गेलं आणि थांबलं. 'काम' विचारलं की बायका नाहीच म्हणतात, गान्यू विचारा, असं प्रशिक्षणात चार वेळा सांगितलं होतं. कुणाच्या शेतात तास-दोन तास राबायचं आणि मिळेल ते पीठमीठ घेऊन यायचं, ते गान्यू. त्याला या गावात कुणी काम म्हणत नाही.

"आणि गान्यू?"

"ते होय. शनिवारी केलं की. मास्तरांकडे दीड तास निंदलं, ताटभर पीठ दिलं त्यांनी."

तियामिकेने बोट टेकवलं. सात दिवसांत एक तास भरला की पुरे होतं. हिरवी खूण उमटली. टॅबच्या हिशेबात फालेसी कामाला लागली होती.

"लेखी करार आहे का?"

"कुणाशी?"

"ज्यांच्याकडे काम करता त्यांच्याशी."

दारात भोपळ्याच्या पानांच्या शिरा काढत बसलेली सासू खुदकन हसली. "मास्तरांच्या बायकोला लिहिता तरी येतं का गं?"

"पगारी रजा मिळते?"

"म्हणजे काय?"

"म्हणजे एखाद्या दिवशी कामावर गेलं नाही, तरी त्या दिवसाचे पैसे मिळतात."

सासूच्या हातातलं पान हातातच राहिलं. "असं असतं?"

"शहरात असतं, आजी."

"तुला मिळते?"

"मला..." तियामिके अडखळली. "माझं काम एकतीस तारखेपर्यंतच आहे."

"मग तुझंही गान्यूच की!"

तियामिकेने 'नाही' दाबलं.

फालेसी वाट बघत होती. काल दोरिकाला काम कुठे कुठे शोधलं ते विचारलं होतं, चांगलं पाव तास, अगदी घराघराचं नाव घेऊन. त्या प्रश्नाची तयारी तिने पाणी भरता भरता केली होती, बोटांवर मोजून. शेवटी तिनेच विचारलं, "शोधलं का, ते कधी विचारणार?"

"ते काम नसलेल्यांना विचारतात, ताई. तुम्हाला एवढंच आहे, आणखी काम मिळालं तर कराल का?"

"करीन की! नऊ घरं फिरले मी. गिरणीवाल्याकडे दोनदा. मिशनच्या बागेत गेले तर तिथला बाबा म्हणाला, पोर घेऊन येऊ नकोस. हिला कुठे ठेवू? मग ओढ्यापलीकडे..."

"फक्त हो की नाही सांगा."

फालेसीचं डुलणं थांबलं. लेकीने झोपेतच हुंकार दिला, तशी ती पुन्हा डुलायला लागली.

"हो," ती म्हणाली. मग टॅबकडे बोट दाखवून, "तो शनिवार पुसून टाक."

"खोटं होईल ते."

"दीड तास राबले ते राबलेच, मी कुठे नाही म्हणते? पण बाकीचे सहा दिवस तुम्ही कुठे लिहिता?"

मागे जायचा बाण पडद्याच्या कोपऱ्यात होता. तियामिकेचं बोट त्याच्यावर गेलं. गेल्या आठवड्यात एका मुलीने असंच एक उत्तर बदललं, तर वरच्यांनी अख्ख्या गावाचे फॉर्म पुन्हा भरायला लावले होते. ते गान्यू आपण विचारलंच नसतं तर? तिला टॅबचा राग आला, त्या चार वेळा सांगणाऱ्या साहेबाचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या बोटाचा. तिने बाण न दाबताच बोट उचललं.

"ही माहिती जाते कुठे?" सासूने विचारलं.

"राजधानीत. किती जणांना काम नाही ते सरकारला कळलं, की त्यांच्यासाठी योजना आखतात."

"आणि हिच्यासाठी?"

"त्या... काम असलेल्यांत आल्या."

पायवाटेवरून दोरिका येत होती. कालच बेकार म्हणून लिहून झालेली दोरिका, डोक्यावर पिठाचं ताट, त्यावर फडकं. "फालेसी, मास्तरीणबाई विचारत होती गं तुझं!" तिने लांबूनच हाक दिली. "आजच निंदणी संपली, म्हणाली. आता पुन्हा बोलावणार नाही."

फालेसी पाठीवरच्या लेकीला थोपटत राहिली.

तियामिकेने पिशवीतून साबणाची वडी काढली. प्रत्येक घराला एक द्यायची, अशी कचेरीची सूचना होती. फालेसीने उपडं ताट सरळ केलं आणि वडी त्यात ठेवून घेतली. कोरड्या ताटात ती टणकन वाजली.

"आज कामावर गेले नाही मी," ती हळूच म्हणाली, लेक जागी होऊ नये म्हणून. "तुझ्यासाठी घरी थांबले. ही रजा पगारी का बिनपगारी, तेवढं त्यात बघून सांग."