पहिला शेजारी

"आजही आला नाही तो," गेर्ड खिडकीपासून न हलता म्हणाला.

त्याची सासू आल्के चुलीत गवताचे पिळे सारत होती. त्या माळावर लाकूड मिळत नसे. "येईल," ती म्हणाली. "माणूसच आहे हार्म."

"माणूस? बैल आहे. बैलसुद्धा दुसरा बैल मेला की हुंगायला येतो."

गेर्डची बायको वुबके बुधवारी पहाटे गेली होती, तापाने. आज शनिवार. मागच्या गार खोलीत दोन फळ्यांवर ती चादरीखाली होती. तिला अजून पेटी नव्हती, खड्डा नव्हता.

मायदेशातल्या त्यांच्या गावची रीत ठरलेली होती. ज्याचं दार सगळ्यांत जवळ, तो पहिला शेजारी. पेटी त्याने ठोकायची, खड्डा त्याने खणायचा. घरच्यांनी फावड्याला हात लावायचा नाही आणि कुणाला बोलवायलाही जायचं नाही. शेजाऱ्यानेच ओळखून यायचं, आणि तो येईपर्यंत मढ्याला सोडून उंबरा ओलांडायचा नाही. समुद्र ओलांडून नेब्रास्कात आले, तरी ही रीत कुणी सोडली नव्हती.

हार्म टापेनचं घर अर्ध्या मैलावर होतं. त्यापुढचं घर बारा मैलांवर. गेर्डने बुधवारीच वुबकेची काळी शाल काठीला बांधून छपरावर उभी केली होती. आंधळ्यालाही दिसली असती.

पण ऑक्टोबरात पाणथळीतल्या गवतावरून दोघांचं वाजलं होतं. "तुझ्या दारात पुन्हा पाय ठेवणार नाही," हार्म म्हणाला होता. "नको ठेवूस," गेर्ड म्हणाला होता.

"धुराडं बघा त्याचं, आई. रोज सकाळी धूर निघतो. रस्सा शिजतोय मजेत. माझंच गवत जाळत असेल."

"मग तू जा."

"मी? मी का जाऊ? लाज त्याने सोडलीय."

आल्केने हातातला पिळा खाली टाकला. "तुमच्या दोघांच्या गवतापायी माझी पोर तिकडे लाकूड होऊन पडलीय. काल रात्री उंदीर फिरत होते तिच्या फळीखाली. मी काठी घेऊन बसले होते. आजची रात्र तू बस, जावईबापू. बस रीत कुरवाळत."

गेर्डने कोट चढवला, भिंतीला टेकवलेलं फावडं उचललं.

"खणायला निघालास?"

"नाही. हे त्याच्या पायावर आदळायला. म्हणतो, ज्या हातांनी माझं गवत कापलंस, त्याच हातांनी तिचा खड्डा खण. नाहीतर माझ्या तोंडावर सांग की खणत नाही."

"मारामारी नको करूस."

"ते त्याच्यावर आहे."

बर्फ गुडघाभर होतं. गेर्ड तरातरा चालला, दोनदा पडला, उठला. प्रत्येक पावलाला एक शिवी सुचत होती. त्यातल्या चांगल्या तेवढ्या त्याने बाजूला ठेवल्या. हार्म आजारी पडला तेव्हा वुबकेनेच त्याला तीन दिवस पेज पाजली होती. तेही ऐकवायचं होतं.

घर जवळ आलं. धूर निघतच होता. अंगणात पावलाचा एक ठसा नव्हता. मेला ऐदी, गेर्डला वाटलं, गुरांकडेही बघत नाही. दार पलीकडच्या बाजूला होतं. त्याने वळसा घातला आणि फावड्याचा दांडा दारावर हाणला.

"बाहेर ये, हार्म! तुला शाल दिसली नाही? ये बाहेर! शेजारी म्हणवतोस स्वतःला?"

आत काही हललं नाही. त्याने पुन्हा दांडा हाणला.

"बायकोच्या पदराआड लपू नकोस! माणूस असशील तर बाहेर ये!"

अडसर सरकला. दारात हार्मची बायको त्रीना उभी होती. केस मोकळे, डोळे सुजलेले. तिने गेर्डकडे पाहिलं, मग फावड्याकडे.

"मोठ्याने ओरडलात म्हणून तो उठणार नाही, भावोजी," ती म्हणाली. "मंगळवारी गेला तो. मढ्याला सोडून मी बाहेर पडायचं नाही, एवढी रीत मी पाळली. पण तुमचंच दार सगळ्यांत जवळ होतं ना? मग चार दिवस कुठे होतात?"