मित्सुएचं झाड

"बाबा, माझं झाड माझ्यापेक्षा उंच झालं, बघा!" लहानग्या मित्सुएची ती जुनी हाक कानात घेऊनच कान्झोनं करवत चालवली. जपानातल्या आइझू भागात मुलगी जन्मली की दारात किरीचं झाड लावतात आणि लग्न ठरलं की ते पाडून तिच्या कपड्यांची पेटी करतात. मित्सुए दूरच्या रेशीम गिरणीत कामाला गेली होती.

झाड कोसळलं तशी ओसरीत कोतोच्या तारा छेडत बसलेली तिची आंधळी आई, तोयो, हरखून हसली. "अहो, ऐन बहरात पाडलंत? नवरामुलगा काय पळून चाललाय?"

ते फुललेलं कान्झोला बघवत नव्हतं.

"लग्नात वसंताचं गाणं मीच वाजवणार हं! पेटी करून लाकूड उरलं, तर मला नवं कोतो करून द्या."

"सगळ्या बुंध्याचं कोतोच करतो."

"वेड लागलंय तुम्हाला! पोरगी सासरी कपडे कशात नेईल?"

कान्झोनं करवत खाली ठेवली.

"तोयो, तिचे कपडे थंडीतच घरी आले गं. नुसते कपडेच आले."