आज कुणाला मारलंस?

तिचा पहिला अल्बम नुसत्या नाचगाण्यांचा होता. दुसऱ्यातली सगळी गाणी मात्र तिने स्वतः लिहिली होती, स्वतःबद्दलच. शेवटचं गाणं रेकॉर्ड करताना दुसऱ्या कडव्यालाच तिला रडू फुटलं आणि ते काही केल्या थांबेना.

काचेपलीकडे रेकॉर्डिस्टशेजारी बसलेल्या आईने कौतुकाने मान डोलावली. लेक मालिकांमधून कामं करायची, तेव्हा तिला रडायला आईनेच शिकवलं होतं. "आपलं कुणीतरी गेलं असं समजायचं. पाणी आपोआप येतं." मग कधी बाबा जायचे, कधी आजी, एकदा तर घरचं मांजरही गेलं होतं. शॉट संपला की आई हसत हसत एकच प्रश्न विचारायची.

आजही तिने बटण दाबून माइकवर तोच विचारला.

"काय गं, आज कुणाला मारलंस?"

हेडफोनमधून आईचा आवाज आला, तशी लेकीने मान वर केली.

"मलाच, आई. हल्ली रोज मारते. अगं, गाण्यात दुसरं काय लिहिलंय?"

आईचं बोट बटणावरून निसटलं. मग ती रेकॉर्डिस्टकडे वळून हलक्या आवाजात म्हणाली,

"डोळे सुकायच्या आत अजून एक टेक घेऊन टाका."