इंग्लिश छीट

साहेब, शब्द चोरलात तो चोरलात, वर त्याचं बारसंही तुम्हीच उरकलंत.

शिकागोच्या म्युझियममध्ये पलंगाचे जुने पडदे होते, अडीचशे वर्षांपूर्वीच्या इंग्लिश झग्यांचं फुलाफुलांचं सुती कापड जोडून शिवलेले. देवयानीने आठ महिने डोळे फोडून त्यांची एकेक चीर सांधली. पडद्यांशेजारच्या माहितीच्या पाटीवर तिने एक ओळ घातली: 'या कापडाचं इंग्रजी नाव चिंट्झ, हा शब्द हिंदीतल्या छीटवरून आला, आणि ही फुलं हिंदुस्तानी छापाची नक्कल आहेत.'

डायरेक्टरने नेमकी तीच ओळ उडवली. "इट्स अ‍ॅन इंग्लिश बेड, देवयानी. यात इंडिया कुठून आला?"

तिने ती ओळ गाळून पाटी छापायला दिली. नोकरी आणि व्हिसा, दोन्ही त्याच्याच सहीवर होती.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी त्याची मेल आली: 'उद्या साडी नेसून पडद्यांजवळ उभी राहशील ना? जरा ऑथेंटिक वाटेल.'



देवयानीने सगळ्या ट्रस्टींना कॉपीत घेऊन उत्तर धाडलं: 'साडी नेसते. पण पडद्यांचा इंडियाशी संबंध नसेल, तर मी तिथे कोण म्हणून उभी राहू? लेखी कळवा.'