चार फूट दहा इंच

"हातोडा खाली ठेव," इंचसाहेब दारातूनच गवंड्याला म्हणाले.

गवंड्याने हातोडा खाली ठेवला नाही, पण मारलाही नाही. त्याने घरच्या सुनेकडे पाहिलं. ती कमरेला पट्टा बांधून स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी होती. इंचसाहेबांना पाहताच तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

नव्या धाटणीची घरं या माणसाने पहिल्यांदा बांधली. नक्षी नाही, कमानी नाहीत, उगाच उंच छत नाही. राहणाऱ्याच्या अंगाचं माप घ्यायचं आणि त्या मापाने घर बांधायचं, इंचभरही इकडे तिकडे नाही; म्हणून लोक त्यांना इंचसाहेब म्हणत. त्यावर त्यांनी तीन जाड पुस्तकं लिहिली. हे त्यांचं पहिलं घर. करारात कलम होतं: वास्तुकाराच्या लेखी परवानगीशिवाय एक वीटही हलवायची नाही. घर तपासायला ते दरवर्षी येत आणि भिंतींवरून हात फिरवून जात. घरातल्या माणसांशी त्यांना काही देणंघेणं नसे.

"असंच वाकून काम केलं तर ऑपरेशन करावं लागेल, असं डॉक्टर म्हणतात," सून म्हणाली. "ओटा सहा इंच वर घ्यायचाय. सही द्या. नाहीतर सहीशिवाय घेईन."

"घ्या की. कोर्टात भेटू."

"तुमच्या तत्त्वांना पाठ नसते ना, म्हणून त्यांचं बरं चाललंय."

"बाई, हा ओटा तुमच्यासाठी नाहीच. तुमच्या सासूबाईंच्या मापाचा आहे. उंची चार फूट दहा इंच, माझ्या वहीत नोंद आहे. चाळीस वर्षं त्या इथे रांधताहेत, कधी हूं की चूं केलं नाही. घर चुकलेलं नाही. तुम्ही उंच आलात."

सुनेने कमरेचा पट्टा आवळला. सासूबाईंचा हा दाखला ऐकून तिचे कान किटले होते. नवरा तोच द्यायचा, नणंद तोच द्यायची. सासूबाईंवर तिचा खरा राग त्याचाच होता.

कोपऱ्यात भाजी निवडत बसलेल्या सासूबाई उठल्या. त्या कमरेतून पार वाकल्या होत्या. वय झालं, असं सगळे म्हणत. त्यांनी भिंतीला पाठ लावली आणि दात-ओठ खात अंग वर ओढायला सुरुवात केली. गवंड्याने आधार दिला. त्या पुऱ्या सरळ झाल्याच नाहीत. तरी त्यांचे डोळे इंचसाहेबांच्या डोळ्यांच्या वर गेले.

"पाच फूट आठ होते मी," त्या म्हणाल्या. "आमचे हे पाच-तीन. तुम्ही ह्यांना बायकोची उंची विचारलीत. ह्यांनी स्वतःच्या कानाशी हात नेऊन दाखवला."

इंचसाहेबांचा चेहरा पडला. पण माघार घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

"मग तेव्हाच का बोलला नाहीत? मला काय स्वप्न पडणार होतं?"

"स्वप्न कशाला पडायला हवं?" सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही एका हाताने वहीत लिहीत होतात, आणि दुसऱ्या हातात चहाचा कप मीच देत होते."