कानामागचा ठिपका

निवृत्त मास्तरांचे केस कापताना सलूनवाल्या अण्णांना टाळूवर पुन्हा तोच जांभळा डाग दिसला. “कुठेतरी आपटलं असेल रे,” मास्तर म्हणाले. “मुका मार महिनाभर राहत नाही. उद्याच दाखवा,” अण्णांनी दटावलं. तो रक्तवाहिन्यांचा दुर्मीळ कॅन्सर निघाला. शस्त्रक्रिया करून डॉक्टरबाईंनी बजावलं, “हा परत येऊ शकतो, पसरूही शकतो.” तेव्हापासून दर आठवड्याला अण्णा मास्तरांचं डोकं बारकाईनं तपासू लागले. दुसऱ्या वर्षी कानामागे मोहरीएवढा ठिपका सापडला. तो वेळेत काढला. कुठेही पसरला नव्हता. “एवढंसं कुणाला दिसलं?” डॉक्टरबाईंनी विचारलं. “माझ्या विद्यार्थ्याला,” अण्णांना पुढे करत मास्तर म्हणाले, “याला मी दोनदा नापास केलंय!” बाईंनी शिकाऊ डॉक्टरांना बोलावलं. “यांच्याकडून शिका.” ताठ मानेनं अण्णांनी मास्तरांना खिडकीपाशी बसवलं. “केस ओले करून उजेडात बघा.” डॉक्टरांनी वह्या उघडल्या.